वायपर थांबला, पण मोटर चांगली होती

माझ्याकडे टाटा 407 आहे, 2003 चं मॉडेल. 2011 साली मी ती दुसऱ्याच्या हातची घेतली. तेव्हापासून जुन्नर-आंबेगावचा माल वाहतो. नारायणगाव भागातला टोमॅटो, ओतूरचा कांदा, सातगाव पठारचा बटाटा. बहुतेक फेऱ्या माळशेज उतरून वाशीला, कधी पुण्याला. गाडी जुनी असली तरी इंजिन चांगलं आहे. वेळच्या वेळी ऑइल बदलतो. टायरला मी कधी हयगय केली नाही. वायपरकडे मात्र कधी लक्ष दिलं नव्हतं. 2023 च्या जुलै महिन्यात त्याच वायपरने मला माळशेज घाटात अडकवलं. जुनी गाडी चालवणाऱ्या दुसऱ्या कुणाला तसं अडकायला लागू नये, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगतो.

मे महिन्यात पासिंग होतं. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दर वर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. केबिनचा पत्रा खालून सडला होता, म्हणून आधी डेंटिंग-पेंटिंगला टाकली. आठ दिवस गाडी तिथे होती. पत्रा कापून नवा जोडला, लांबी भरली, घासली, रंग मारला. गाडी नव्यासारखी दिसायला लागली. पासिंगला नेली तेव्हा वायपर चालवून दाखवला. कोरड्या काचेवर, भर दुपारी, चार फेऱ्या. चालला. त्यात काही दोष दिसण्यासारखं नव्हतंच.

त्या वर्षी पाऊस उशिरा आला. मृग कोरडाच गेला. आमच्याकडे पाऊस धरला तो 25 जूनच्या सुमाराला, आषाढी एकादशीच्या तोंडावर. तोपर्यंत वायपरला हात लावायची वेळच आली नाही. पहिला जोराचा पाऊस मला मंचरच्या अलीकडे लागला, संध्याकाळी सातच्या पुढे. दिवे लावलेले होते. वायपर चालू केला तर तो ओढत ओढत जायला लागला. एक फेरी मारायला आधी लागायचा त्याच्या दुप्पट वेळ. वर जाताना मध्येच अडखळायचा. मी मनात म्हटलं, रबर कडक झालं असेल. उन्हात गाडी उभी असते, रबर वाळतंच.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ब्लेड बदलली. तीनशे रुपये गेले. काच साबणाने धुतली. डिझेलच्या धुराचा एक तेलकट थर काचेवर बसतो, तो निघाला. काच स्वच्छ दिसायला लागली, पण वायपरची चाल काही सुधारली नाही. दिवसा थोडा बरा चालायचा, रात्री मंद. दिवसा बरा आणि रात्री मंद, हे मला दिसत होतं. त्याचा अर्थ काय ते मी शोधलं नाही. तिथेच थांबून विचार केला असता तर पुढचं काही झालं नसतं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात एकदा फ्यूज उडाला. जवळ दुसरा नव्हता. मी वायरची एक तार सोलून फ्यूजच्या जागी गुंडाळली आणि वेळ भागवली. ही माझी दुसरी चूक. फ्यूज उडतो म्हणजे कुठेतरी मोटरवर ताण येतोय, ती जास्त करंट ओढतेय. फ्यूज तेच सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं. तारेचा काही भरवसा नसतो. ती फ्यूजइतक्या लवकर वितळत नाही, तोपर्यंत वायरिंग तापतं आणि डॅशबोर्डच्या मागे आगसुद्धा लागू शकते. फ्यूजचं पाकीट वीस-तीस रुपयांना मिळतं. आता चार फ्यूज कायम गाडीत असतात.

त्यानंतर एका गॅरेजला गाडी दाखवली. त्यांनी वायपर चालू केला, आवाज ऐकला आणि सांगितलं, मोटर गेली, कार्बन संपलेत. मी म्हटलं, कार्बन बदला. ते म्हणाले, जुन्या मोटरला आता खर्च करू नका, रिपेअर केलेली देतो, जुनी आम्हाला द्या. मजुरीसकट बावीसशे रुपये झाले. मोटर खोलून पाहिली नाही, तिला थेट करंट देऊन पाहिला नाही. मीही तसा आग्रह धरला नाही. सीझन चालू होता, मला गाडी लवकर हवी होती.

नवी मोटर दोन दिवस छान चालली. दोन्ही दिवस दिवसाच्याच फेऱ्या होत्या आणि पाऊस भुरभुर होता. मी निश्चिंत झालो.

आता त्या जुलैचं थोडं सांगायला हवं, म्हणजे मी त्या रात्री का निघालो ते कळेल. 2023 चा जुलै म्हणजे टोमॅटोच्या भावाचा जुलै. नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या वर भाव गेला होता. मे महिन्यात हाच टोमॅटो लोकांनी रस्त्याच्या कडेला ओतला होता. ज्याच्या रानात माल टिकला होता, तो एक दिवससुद्धा वाया घालवायला तयार नव्हता. आम्ही हुंडेकरी लोकही रात्रंदिवस पळत होतो. माल वाशीच्या गाळ्यावर पहाटे पोचला तर भाव, उजाडल्यावर पोचला तर उरलेलं गिऱ्हाईक.

21 जुलैच्या रात्री मी तीन शेतकऱ्यांचा माल भरला. एकशेवीस क्रेट. बरोबर माझा पुतण्या होता, एकोणीस वर्षांचा. सुट्टीला म्हणून क्लीनरचं काम करायला येत होता. इर्शाळवाडीवर दरड कोसळून दोनच दिवस झाले होते. घरी सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. आमच्या तालुक्याशेजारचं माळीण असंच दरडीखाली गेलं, ते कुणी विसरलेलं नाही. 30 जुलै 2014 ची ती सकाळ आठवली की डिंभ्याकडच्या रस्त्याने जाताना अजून डोंगराकडे नजर जाते. बायको म्हणाली, "आज राहू द्या ना, घाटात पाऊस हाय." मी म्हणालो, "माल भरलाय, आता कसं राहू देऊ?"

साडेअकराला आळेफाट्याहून निघालो. ओतूरपर्यंत रिमझिम. डिंगोरे गेलं, मढ गेलं, तसा पाऊस वाढत गेला. खुबी फाट्यापाशी धरणाच्या पाण्याकडून वारा यायला लागला आणि पाऊस आडवा झाला. आमच्याकडे पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस म्हणतात. पुनर्वसूचा तो तरणा. पण माळशेजला म्हातारा आणि तरणा सारखेच. वायपर मोठ्या स्पीडवर टाकला. तो हलत होता, पण मला जाणवलं, पुन्हा ओढत चाललाय. घाटाच्या तोंडाला गाडी उभी करायला जागा होती. तिथे थांबायचा विचार मनात आला होता, हे मी कबूल करतो. नवी मोटर आहे, चालेल, असं म्हणून मी पुढे घेतली.

घाटात शिरल्यावर धुकं लागलं. दिवे, फॉगलाइट, केबिनच्या काचेवर वाफ धरते म्हणून छोटा पंखा, सगळं चालू होतं. दुसऱ्या वळणानंतर वायपर काचेच्या मधोमध थांबला. एकदा थरथरला आणि गप्प झाला. काचेवरून पाण्याचा पडदा वाहत होता. समोरच्या दिव्यांचा नुसता पिवळा फुगा दिसत होता. कठडा कुठे, गटार कुठे, काही कळेना.

मी ब्रेक दाबून गाडी पहिल्या गिअरला घेतली, पण थांबलो नाही. एका हाताला दरी आणि दुसऱ्या हाताला उभा कडा होता. त्या कड्यावरून लहान लहान दगड रस्त्यावर आलेले मी येताना पाहिले होते. पावसाळ्यात घाटात कड्याखाली गाडी उभी करू नये, हे आमच्या भागात पोरालाही माहीत असतं. वळणावर तर मुळीच नाही, मागून येणाऱ्याला दिसत नाही. मी चारी इंडिकेटर लावले. पुतण्याने डावी काच खाली करून डोकं बाहेर काढलं आणि मला सांगायला लागला, "काका, थोडं उजवीकडं. आता सरळ. आता कठडा आला." मी माझ्या बाजूने डोकं काढलं होतं. मागून एक टँकर हॉर्न देत होता. त्याला पुढे जाऊ दिलं आणि त्याच्या लाल दिव्यांच्या मागे मागे निघालो. तो दोन वळणांनी दिसेनासा झाला.

पुढे रस्ता थोडा रुंद होतो, कडा जरा लांब आहे, तिथे गाडी घेतली. पुतण्याला म्हटलं, ताडपत्रीची बारीक दोरी काढ. ही युक्ती मला जुन्या ड्रायव्हर लोकांनी कधीकाळी सांगितली होती. एक दोरी एका वायपरच्या दांडीला बांधायची, दुसरी दुसऱ्या दांडीला, आणि दोन्ही दांड्या एका तुकड्याने एकमेकींना बांधायच्या. दोन्ही दोऱ्या दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून आत घ्यायच्या. एकाने ओढायचं, मग दुसऱ्याने ओढायचं. पण मोटर लिंकला जोडलेली असली की दांडी हाताने हलत नाही. आतला गिअर तिला धरून ठेवतो. म्हणून आधी पान्याने दांड्यांचे नट सैल केले, एवढे की दांडी स्पिंडलवर फिरेल पण निघून येणार नाही. भर पावसात, मोबाइलच्या उजेडात, दहा मिनिटं लागली. मग दोरी चालली. एका हाताने स्टिअरिंग धरून दोरी ओढणं नीट जमत नाही. म्हणून दोन्ही टोकं पुतण्याकडे दिली, माझ्या बाजूची दोरी माझ्या मानेमागून त्याच्याकडे नेली. तो ओढत राहिला, मी पहिल्या गिअरला उतरत राहिलो. ही कामचलाऊ युक्ती आहे. तिच्यावर वेगाने गाडी चालवायची नसते. अडकल्या जागेतून सुरक्षित जागी पोचायला तेवढी कामाला येते.

एरवी जो घाट वीस-पंचवीस मिनिटांत उतरतो, त्याला त्या रात्री दीड तास लागला. खाली मोरोशीच्या पुढे एका धाब्यावर गाडी लावली तेव्हा पुतण्याच्या तळव्यांना दोरीने वळ उठले होते. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. चहा समोर आला, पण मला कप उचलता येईना, हात थरथरत होता. पोराला मी आणलं होतं. जूनपासून मला माहीत होतं की वायपर नीट नाही.

धाब्यावर एका मोठ्या ट्रकचा ड्रायव्हर होता, संगमनेरकडचा. त्याने तंबाखूची पुडी काढून दिली. काच पुसून तिच्यावर ओली तंबाखू चोळली की पाण्याचे थेंब साचत नाहीत, पसरून खाली उतरतात. बटाटा कापून चोळला तरी तसंच होतं. आम्ही चोळली. खाली पाऊस कमी होता, त्यामुळे थोडा फरक पडला. पण समोरून गाडी आली की त्या पसरलेल्या पाण्यात तिचे दिवे फुटायचे आणि काहीच दिसायचं नाही. दहा मिनिटांत ते धुऊनही गेलं. दिवसा, हलक्या पावसात, गॅरेजपर्यंत जायला हा उपाय ठीक. रात्री त्याच्या भरवशावर निघू नये.

मग त्याच ड्रायव्हरने एक गोष्ट केली. तो म्हणाला, "दिवे बंद करून वायपर टाका बरं." इंजिन चालू होतं. मी हेडलाइट बंद केले, फॉगलाइट बंद केले, पंखा बंद केला. आतापर्यंत मेलेली मोटर गुरगुरली आणि हळूहळू फिरायला लागली. हेडलाइट लावले की पुन्हा थांबली. तो म्हणाला, "मोटरचा दोष नाय हा. अर्थिंग बघा." मला ते नीट कळलं नाही, पण लक्षात राहिलं.

उजाडेपर्यंत तिथेच थांबलो. शेतकऱ्यांना फोन केले. वाशीला पोचायला साडेआठ वाजून गेले. मुख्य गिऱ्हाईक निघून गेलं होतं. क्रेटमागे दोनशे रुपये कमी मिळाले, म्हणजे एकशेवीस क्रेटला चोवीस हजार. तिघांना मी सांगितलं, या फेरीचं भाडं घेणार नाही. भाड्याने त्यांचं नुकसान भरून येणार नव्हतं, मला ते ठाऊक होतं. त्यातले एक अण्णा आहेत, साठीच्या पुढचे. ते फोनवर म्हणाले, "हिशेबपट्टीचं बघू नंतर. पोरगं बरंय ना? मग झालं." त्यांच्या त्या बोलण्याने मला जास्त लागलं.

दुपारी, पाऊस नसताना, परत आलो आणि गाडी थेट आळेफाट्याला नेली. तिथे एक जुने इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांच्याकडे मी पहिल्यांदाच जायला हवं होतं. पण त्यांच्याकडे नंबर लागतो, म्हणून गेलो नव्हतो.

मामांनी काहीच खोललं नाही. आधी विचारलं, "गेल्या चार महिन्यांत गाडीचं काय काय काम केलं?" मी मोटर सांगितली, ब्लेड सांगितली. ते म्हणाले, "त्याच्या आधी?" तेव्हा मी पेंटिंग सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मग त्यांनी जे केलं ते मी क्रमाने सांगतो, कारण हाच क्रम कुणालाही घरी करता येतो.

पहिल्यांदा काच ओली केली. कोरड्या काचेवर वायपर कधी तपासू नये, रबर अडतं आणि काचेवर ओरखडेही पडतात. दिवे बंद ठेवून वायपर चालवला, मग दिवे लावून चालवला. दिवे लावल्यावर वायपर मंद झाला आणि वायपर चालू असताना दिवेही मिणमिणले. मामा म्हणाले, "दोघं एकाच ताटात जेवतायत आणि ताटात पुरेसं नाही."

दुसरं, फ्यूज. माझी तार बघून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फ्यूज बसतो त्या पत्र्यांवर हिरवट गंज होता. पॉलिश पेपरने घासून स्वच्छ केला, नवा फ्यूज बसवला. थोडा फरक पडला, पुरेसा नाही.

तिसरं, टेस्ट लॅम्प. 12 व्होल्टचा एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी मोटरच्या सॉकेटमध्ये जिथे करंट येतो तिथे. स्विच चालू केल्यावर बल्ब लखलखीत लागला. म्हणजे बॅटरी, फ्यूज, स्विच आणि तिथपर्यंतची वायर चांगली. बल्ब लागला नसता तर स्विच किंवा मधली वायर बघायची. लहान स्पीड चालत नाही आणि मोठा चालतो, असं असेल तर बहुधा स्विच नाही तर मोटरचा एक कार्बन गेलेला असतो.

चौथं, अर्थिंग. आता बल्बची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरी मोटरच्या अंगाला, म्हणजे लोखंडाला. दिवे आणि वायपर चालू. आता बल्ब मिणमिणता लागला. मग मीटर घेतलं. एक सुई मोटरच्या अंगाला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला. सगळं चालू असताना तिथे शून्याच्या जवळ आकडा दिसायला हवा. साडेतीन व्होल्ट दिसले. बाराच्या गाडीत साडेतीन वाटेतच अडकत होते.

मामांनी मला समजेल असं सांगितलं. वाफ्याला पाणी सोडलं आणि पुढचं तोंड बुजलेलं असलं तर वरून कितीही सोडा, पाणी पुढे सरकत नाही. करंटलाही बॅटरीपासून यायला वाट लागते आणि परत जायलाही लागते. परतीची वाट म्हणजे गाडीचं लोखंड. केबिन रबरी बुशांवर बसलेली असते, म्हणून केबिन आणि चेसिस यांना जोडणारी तांब्याच्या विणलेल्या तारांची एक पट्टी असते. ती पट्टी हीच केबिनमधल्या सगळ्या करंटची परतीची वाट. दिवे लावले की त्या वाटेवर गर्दी होते आणि वायपरच्या मोटरला वाट मिळत नाही.

त्यांनी एक जाड वायर घेतली. मोटरच्या बोल्टला एक टोक आणि बॅटरीच्या निगेटिव्हला दुसरं टोक टेकवलं. वायपर एकदम झटक्याने पळायला लागला आणि त्याच क्षणी डॅशबोर्डचे दिवे उजळले. पुतण्या शेजारी उभा होता. तो म्हणाला, "काका, एवढंच होतं?"

गाडीखाली शिरून पाहिलं तर ती पट्टी जागेवर होती. पण पेंटिंगच्या वेळी ती सोडवली होती आणि रंग मारल्यावर नव्या रंगावरच परत आवळली होती. पट्टीच्या टोकाखाली रंगाचा जाड थर. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेवढा जात होता तेवढ्यावर चाललं होतं. पट्टीच्या तारासुद्धा निम्म्या तुटलेल्या आणि काळ्या पडलेल्या. मामांनी विचारलं, "अ‍ॅक्सिलरेटरची केबल जड चालते का?" महिनाभर जड चालत होती. ते म्हणाले, अर्थिंगची वाट बुजली की करंट मिळेल त्या लोखंडातून परत जातो, केबलमधूनसुद्धा. केबल आतून तापते आणि खराब होते. केबल मी घाटात तुटताना मनात पाहिली आणि गप्प बसलो.

एवढ्यावर काम संपलं नाही. पाचवी गोष्ट मामांनी अर्थिंग झाल्यावरही केली. मोटरपासून लिंकचा जोड काढला आणि मोटर एकटी चालवली. ती सुसाट फिरली. मग हाताने दोन्ही वायपरचे स्पिंडल फिरवून पाहिले. डावा बोटाने फिरत होता. उजवा, ड्रायव्हरच्या बाजूचा, पान्याशिवाय हलेना. पेंटिंगच्या वेळी लांबीची धूळ आणि रंग आत गेला होता, जुनं ग्रीस वाळून डिंक झालं होतं. म्हणून मोटरला दुप्पट जोर लावावा लागत होता, म्हणून जास्त करंट, म्हणून फ्यूज उडाला होता. दोन दोष एकमेकांना धरून होते. एकटा असता तर कदाचित भागलं असतं.

स्पिंडल काढून डिझेलमध्ये बुडवला, बारीक पॉलिश पेपरने घासला, ग्रीस भरून बसवला. बोटाने फिरेपर्यंत सोडलं नाही. केबिनची आणि चेसिसची जागा चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासली, नवी पट्टी आवळली, वरून ग्रीस लावलं, म्हणजे पाणी लागून गंजणार नाही. बॅटरीच्या निगेटिव्हचं टोकही साफ केलं. शेवटी वायपर बंद करून मोटर विश्रांतीच्या जागी थांबू दिली आणि मगच दांड्या बसवल्या. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मोटर भलत्याच ठिकाणी असताना दांडी आवळली तर ती काचेच्या कडेवर आपटते.

सगळं मिळून साडेपाचशे रुपये झाले. पट्टी, फ्यूज, ग्रीस, मजुरी. मामांनी विचारलं, "जुनी मोटर कुठाय?" मी म्हटलं, दिली गॅरेजला. ते काही बोलले नाहीत. ती मोटर चांगली होती, याबद्दल आता मला शंका नाही. नवी मोटर बसवल्यावर दोन दिवस वायपर चालला तो मोटरच्या गुणाने नाही. दोन्ही दिवस पाऊस हलका होता आणि दिवे बंद होते, म्हणून चालला.

पेंटिंगवाल्यांना मी नंतर जाऊन सांगितलं. भांडायला गेलो नाही. त्यांचं काम पत्र्याचं, ते त्यांनी चांगलं केलं होतं. फक्त एवढंच म्हटलं, अर्थिंगच्या बोल्टखालचा रंग खरवडत जा. त्यांनी ऐकून घेतलं. गाडी ताब्यात घेताना ते बघणं हे माझंही काम होतं.

त्यानंतर मी काही गोष्टी ठरवून घेतल्या आहेत. केबिनचं काम झालं की आधी अर्थिंगची पट्टी बघायची. मृगाच्या आधी दोन्ही स्पिंडल हाताने फिरवून बघायचे, तेल-ग्रीस द्यायचं आणि रबर बदलायचं. मग रात्रीच्या वेळी, अंगणात, इंजिन चालू करून सगळे दिवे लावायचे, काचेवर पाणी ओतत राहायचं आणि वायपर दहा मिनिटं चालू ठेवायचा. चार फेऱ्यांत काही कळत नाही. मोटर तापल्यावर, दिव्यांचा भार असताना चालला तरच तो चालतो असं म्हणायचं. आणि मोटर बदला असं कुणी सांगितलं, तर आधी तिला बॅटरीवरून थेट करंट द्यायला सांगायचं. पॉझिटिव्हच्या वायरला फ्यूज लावूनच. थेट करंटवर मोटर फिरली तर पैसे खिशात ठेवायचे आणि दोष दुसरीकडे शोधायचा. फिरली नाही, तरीही आधी लिंक सोडवून पुन्हा बघायचं.

गाडीत आता एक डबा आहे. त्यात टेस्ट लॅम्प, चार फ्यूज, तीन मीटर जाड वायर दोन्ही टोकांना चिमटे लावून, दांडीच्या नटाला बसणारा पाना आणि बारीक दोरी. दोरी त्यानंतर लागलेली नाही. टेस्ट लॅम्प पुतण्याने स्वतः बनवला. तो आता मामांकडे सुट्टीत काम शिकायला जातो.

घाटाच्या तोंडाची ती उभी राहायची जागा अजून तिथेच आहे. रात्री जाताना मी तिथे गाडी थांबवतो, माल कितीही घाईचा असला तरी. दिवे, फॉगलाइट, पंखा, वायपर, सगळं एकदम लावतो आणि पाच मिनिटं बघत बसतो. वायपरची चाल कमी झाली नाही तरच गाडी खाली घेतो. एकदा, गेल्या वर्षी, मला ती थोडी मंद वाटली. गाडी वळवून मढला आणली आणि सकाळपर्यंत थांबलो. तपासल्यावर काहीच निघालं नाही, रबरात पान अडकलं होतं. त्या दिवशीही भाव थोडा गेला. पण रात्री मला झोप चांगली लागली.